उत्तर त्याचं, अक्षर माझं

रात्रीचे पावणेअकरा झाले आहेत. डोंबिवलीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात जेवणाचं टेबल पुसून त्यावर वही उघडली आहे आणि नववीतला एक मुलगा मान मोडून लिहितो आहे. प्रश्न काळ्या शाईत, उत्तर निळ्या शाईत, डावीकडे पट्टीनं आखलेला समास. समोर पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाईल उभा केलेला. दर अर्ध्या मिनिटानं त्याचा पडदा अंधारतो आणि मुलगा डाव्या हाताच्या करंगळीनं त्याला जागं करतो. प्रश्न आहे, 'हवामानबदलाचे शेतीवर होणारे परिणाम सविस्तर लिहा.' यंत्रानं हे उत्तर चार-पाच सेकंदांत लिहून दिलं. मुलगा गेली चाळीस मिनिटं ते उतरवून घेतो आहे. तिसऱ्या पानावर बोटं आखडली तेव्हा त्यानं हात झटकला आणि मोबाईलकडे रागानं पाहिलं. "किती लांबण लावतो हा!"

आई दुधाचा पेला ठेवून गेली. जाता जाता बहिणीला फोनवर म्हणाली, "हल्ली फार लिहायला देतात गं. बिचारा अकरा-अकरापर्यंत लिहीत बसतो." यात खोटं काहीच नव्हतं.

यंत्रं आली की कष्टाची कामं ती उपसतील आणि माणूस विचार करायला मोकळा होईल, असं गेली दोनशे वर्षं सांगितलं जात होतं. या टेबलावर कामाची वाटणी नेमकी उलटी झाली आहे. विचार यंत्र करतं, हमाली माणूस करतो. आणि ही वाटणी शाळेनंच करून दिली. मुलं एआयवरून निबंध छापतात असं लक्षात आल्यावर अनेक शाळांनी कडक नियम काढला, गृहपाठ स्वतःच्या हस्ताक्षरातच हवा. नियम सगळ्यांनी पाळला.

मुलाला दोष देण्याआधी त्याची वंशावळ पाहावी लागते. त्याच्या बाबांच्या दप्तरात पाठ्यपुस्तकाच्या दुप्पट जाडीचं गाईड होतं. परीक्षा जवळ आली की 'अपेक्षित' यायचं, आणि मुलं ते अशा श्रद्धेनं वाचायची की बोर्डानं वेगळा प्रश्न विचारला तर चूक बोर्डाची ठरे. थोरल्या ताईची वही धाकट्याला, धाकट्याची शेजारच्याला, असा एकेक गृहपाठ पाच-सहा वर्षं चाळीत फिरत असे. अकरावी-बारावीला जर्नल नावाचं प्रकरण होतं. त्यातली प्रयोगांची वाचनं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून, त्याची त्याच्या मागच्या वर्षीच्या जर्नलमधून घेतलेली असत. लंबकाचा दोरा तुटला तरी गुरुत्वीय त्वरण ९.८च येत असे. प्रकल्पाचं काम आईकडे, चित्रं स्टेशनरीच्या दुकानातल्या तक्त्यावरून कापलेली, ठळक अक्षरातलं शीर्षक अक्षर चांगलं असलेल्या मावशीचं आणि शेवटी 'मी हा प्रकल्प स्वतः पूर्ण केला आहे' या वाक्याखाली सही तेवढी मुलाची.

या सगळ्या कुटुंबाचा कुलधर्म एकच होता, वही पूर्ण करणे. बाईंच्या नोंदवहीत 'वही पूर्ण' आणि 'वही अपूर्ण' असे दोन रकाने असतात. 'समजलं' आणि 'नाही समजलं' असे रकाने कोणी आखले नाहीत, कारण साठ मुलांच्या वर्गात सहा विषयांच्या वह्या म्हणजे तीनशे साठ वह्या, आणि त्या चाळून, खूण करून, सही-तारीख घालून परत द्यायच्या तर समजण्याबिमजण्याची चौकशी करायला दिवस पुरत नाही. ओपनएआय या अमेरिकन कंपनीनं ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी जगासाठी खुलं केलं तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळांत दुसरं सत्र सुरू होतं, स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू होत्या आणि वह्या अपूर्ण होत्या. पाहुणा घरात शिरला तो थेट रिकाम्या पाटावर येऊन बसला. पाट गाईडनं केव्हाच तापवून ठेवला होता.

शिक्षकांच्या खोलीत पाहुण्याचं नाव बराच काळ 'चाट जीपीटी' असं घेतलं जाई. त्याचं काम पहिल्यांदा पाहून जे चाट पडले, त्यांना हा उच्चार चुकीचा वाटलाही नाही. मुलांनी तर त्याचं क्रियापदच करून टाकलं. 'जीपीटी मार', 'जीपीटीला टाक', 'अख्खं जीपीटीवरून छापलंय.' 'छापणे' हा शब्द त्यांना आजोबांकडून वारशानं मिळालेला. तेव्हा वहीतून वहीत छापत, आता पडद्यावरून वहीत.

कंपनीच्या नियमाप्रमाणे चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. मराठी घरात ही अट फार सोप्या रीतीनं पाळली जाते, खातं आईच्या नावावर असतं. परवानगी आईची, मोबाईल आईचा, ओटीपी आईचा. फक्त ते चालू कसं करायचं हे तिला मुलानं शिकवलेलं असतं. त्यामुळे यंत्राची थोडी गल्लत होते. त्याला वाटतं, समोर एक चाळिशीची, अभ्यासू, भूमितीत कच्ची बाई बसली आहे. ते नववीतल्या मुलाला 'तुम्ही किती मेहनती विद्यार्थिनी आहात' म्हणतं, आणि आईनं साबुदाणावड्याची कृती विचारली की 'परीक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचे मुद्दे' वेगळे काढून देतं.

मुलांना हे वापरताना काहीच वाटत नाही, अशी एक समजूत आहे. ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. त्यांच्याकडे नीतिशास्त्र आहे आणि ते चांगलंच बारकाईचं आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं १३ ते १७ वयाच्या मुलांना विचारलं, तेव्हा शाळेच्या कामासाठी चॅटजीपीटी वापरल्याचं सांगणारी मुलं २०२३ मध्ये १३ टक्के होती आणि २०२४ मध्ये २६ टक्के. एका वर्षात दुप्पट. पण पुढचा प्रश्न अधिक गमतीचा होता, वापरलं तर चालतं का? नवा विषय शोधायला चालतं, असं ५४ टक्के मुलं म्हणाली. गणितं सोडवायला चालतं म्हणणारी २९ टक्के. निबंध लिहून घ्यायला चालतं म्हणणारी फक्त १८ टक्के.

मराठी माणसाला हे कोष्टक समजावून सांगावं लागत नाही. हा उपवास आहे. साबुदाणा चालतो, गहू चालत नाही, रताळं चालतं, कांदा चालत नाही, आणि का, ते विचारायचं नाही. नववीच्या वर्गातही असंच पंचांग तयार झालं आहे. मुद्दे काढून घेतले तर चालतं. वाक्यं जशीच्या तशी घेतली तर उपवास मोडतो. वाक्यं घेऊन शब्द बदलले तर ती भगर, दिसायला भातासारखीच, पण चालते. गणिताचं उत्तर आधी स्वतः काढून मग 'फक्त तपासून' घेतलं तर पुण्यच. मूल्यशिक्षणाचा प्रकल्प मात्र पूर्ण छापलेला चालतो, कारण त्याला गुण नसतात. 'प्रामाणिकपणाचे महत्त्व' या विषयावरचे कित्येक निबंध याच सवलतीत लिहून झाले आहेत.

वर्गात बाकांप्रमाणे वापरही बदलतो. पहिल्या बाकावरची मुलं एआय वापरतात आणि कबूल करत नाहीत. "मी फक्त कन्सेप्ट क्लिअर करायला बघते," असं त्यांचं वाक्य असतं. मधल्या बाकांवरची मुलं वापरतात आणि कोणीही विचारण्याआधी कबूल करतात. शेवटच्या बाकावरची मुलं वापरत नाहीत. ती नीतीमुळे थांबलेली नाहीत. "एवढं टाइप कोण करणार? त्यापेक्षा पुढच्याची वही घेतो," असं त्यांचं स्वच्छ म्हणणं आहे. त्यामुळे यंत्राचं उत्तर पहिल्या बाकावर उतरतं आणि मधल्या सुट्टीपर्यंत हस्तलिखित परंपरेनं मागे पोचतं. वाटेत पाठभेद होतात. यंत्रानं तुकोबांचा एखादा अभंग ठामपणे ज्ञानेश्वरांच्या नावावर लिहिलेला असतो. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची आणि तुकोबा सतराव्या शतकातले, पण साडेतीनशे वर्षांचं अंतर चार सेकंदांत कापणाऱ्या यंत्राला त्याचं काय? शेवटच्या बाकापर्यंत जाता जाता ज्ञानेश्वरांचं 'ज्ञानेश्वर मुळे' झालेलं असतं आणि साठपैकी चाळीस वह्यांत एकच चूक चाळीस अक्षरांत पाहून बाई डोक्याला हात लावतात.

बाईंना हे कळतं कसं, याचं मुलांना फार कुतूहल आहे. त्यांना वाटतं, बाईंकडे एखादं सॉफ्टवेअर असणार. बाईंकडे वेलांटी आहे. जो मुलगा पाचवीपासून 'आणि' हा शब्द 'पाणी'सारखा दीर्घ काढत आला, त्यानं एका रात्रीत 'आंतरविद्याशाखीय' अचूक लिहिलं की पुढचा तपास करावा लागत नाही. शिवाय यंत्राचं मराठी दुरून ओळखू येतं. त्यात प्रत्येक गोष्ट कुठली ना कुठली 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते', वारसा नेहमी 'समृद्ध' असतो, अभ्यास 'सखोल' आणि शेवटचा परिच्छेद 'एकंदरीत' या शब्दानंच सुरू होतो. 'माझी आजी' या निबंधात आजी 'केवळ एक व्यक्ती नसून मूल्यांचा जिवंत झरा' असते. ती ओरडत नाही, तंबाखूची मिश्री लावत नाही, मालिका बघताना मध्ये बोललेलं तिला चालतं. अशी आजी सांगली जिल्ह्यात आढळत नाही.

मनोगताच्या निबंधात तर यंत्र मनापासून रमतं. 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'फुटक्या घागरीचे मनोगत' हे आपल्या शालेय साहित्यातले अजरामर विषय. ज्याला मन नाही त्याचं मनोगत लिहायचं, या कामाला यंत्राइतका लायक उमेदवार दुसरा मिळणार नाही.

बाईंना ओळखू येतं हे कळल्यावर मुलांनीही उपाय काढला. यंत्राला सांगायचं, 'नववीतल्या मुलासारखं लिही, मधे दोन-तीन चुका घाल.' यंत्र आज्ञाधारक. ते चुका घालतं. पण चुका करणं हेही स्थानिक ज्ञान आहे, ते त्याला कुठून येणार? मराठी मूल ऱ्हस्व-दीर्घात चुकतं, 'श' आणि 'ष' यांत गडबडतं, अनुस्वार जिथे नको तिथे शिंपडतं. ते मरेपर्यंत 'माझी आजोबा' लिहिणार नाही. यंत्र लिहून जातं आणि मुलगा ते सुवाच्य अक्षरात उतरवतो.

पाश्चात्त्य जगाकडे वेलांटी नाही, त्यामुळे त्यांना खरोखरच सॉफ्टवेअर काढावं लागलं. खुद्द ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये असं एक ओळखयंत्र आणलं. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत त्यानं यंत्रानं लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच पकडला आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर यंत्राचा शिक्का मारला. त्याच वर्षीच्या जुलैत कंपनीनं ते गुपचूप मागे घेतलं. दुसऱ्या एका ओळखयंत्रानं अमेरिकेची राज्यघटना यंत्रानं लिहिली असल्याचा निर्वाळा दिला. ती १७८७ मध्ये लिहिली गेली, म्हणजे घटनाकारांनी फारच आधी नोंदणी केली असली पाहिजे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी परदेशी विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ इंग्रजी निबंध अशा सात ओळखयंत्रांना दिले. सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही ती मुलं मोजके, ठरावीक शब्द वापरतात, आणि ठरावीकपणा हाच या ओळखयंत्रांचा पुरावा. गाईडमधला 'माय फेव्हरिट टीचर' पाठ करून लिहिणाऱ्या आपल्या पिढ्यान्‌पिढ्या या चाळणीतून गेल्या असत्या, तर अख्खा महाराष्ट्र १९७० पासून रोबो ठरला असता.

टेक्सासमधल्या एका प्राध्यापकानं २०२३ मध्ये याहून सरळ मार्ग काढला. त्यानं विद्यार्थ्यांचे निबंध चॅटजीपीटीलाच दाखवून विचारलं, 'हे तू लिहिलंस का?' यंत्र स्वभावानं होयबा. ते 'हो' म्हणालं. प्राध्यापकानं अख्ख्या वर्गाचा निकाल लटकवला. चोरी कोणी केली हे सापडत नसेल, तर जो कधीच नाही म्हणत नाही त्याला विचारावं, अशी ही तपासपद्धती.

मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम या गावात प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. तिथल्या हायस्कूलच्या दोन मुलांनी बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार यांच्यावरचा इतिहासाचा प्रकल्प एआयच्या मदतीनं केला. संदर्भांच्या यादीत अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं होती. शाळेनं कमी गुण दिले आणि शनिवारी शाळेत बसवलं. एका मुलाच्या आईवडिलांनी दावा लावला की शाळेच्या नियमपुस्तिकेत एआय वापरू नये असं कुठे लिहिलंय? नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेची शिक्षा थांबवायला नकार दिला. आपल्याकडचा पालक हा मुद्दा कोर्टात न नेता थेट पालकसभेत मांडेल, आणि तो मांडून झाल्यावर बाईंना हळूच विचारेल, "पण मॅडम, त्यातलं कुठलं ॲप चांगलं? फुकट असेल ते सांगा."

बंदीचा प्रयोगही होऊन गेला. न्यूयॉर्क शहरानं जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सरकारी शाळांच्या यंत्रणेवर चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात बंदी उठवली. मधल्या काळात मुलांच्या खिशात मोबाईल होतेच. त्या वर्षीच्या जूनमध्ये चॅटजीपीटीवरची जगभरची वर्दळ मेच्या तुलनेत ९.७ टक्क्यांनी घटल्याचं सिमिलरवेब या कंपनीनं नोंदवलं, तेव्हा तज्ज्ञांनी बरीच कारणं शोधली. अमेरिकेत जूनमध्ये उन्हाळ्याची सुट्टी लागते, हे त्यातलं एक. सुट्टीत अभ्यास नाही, त्यामुळे यंत्रालाही सुट्टी.

सर्वांत जालीम उपाय चीनचा. तिथे बारावीनंतरची गावकाओ ही प्रवेशपरीक्षा म्हणजे राष्ट्रीय सोहळा. जून २०२५ मध्ये १ कोटी ३३ लाखांहून अधिक मुलांनी तिच्यासाठी नाव नोंदवलं होतं. परीक्षेच्या दिवसांत तिथल्या बड्या एआय कंपन्यांनी फोटो पाहून उत्तर देण्याची सोयच बंद ठेवली. प्रश्नपत्रिकेचा फोटो टाकला की यंत्र नम्रपणे सांगे, सध्या परीक्षा चालू आहे. वाचून मराठी माणसाला एकदम ओळखीचं वाटलं. दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की आपल्याकडे केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवण्याचे आदेश निघतात, कॉपीमुक्त अभियान जाहीर होतं आणि भरारी पथकाची जीप गावात धूळ उडवत येते. चीननं तेच केलं, फक्त झेरॉक्सचं दुकान देशाएवढं मोठं होतं.

एवढ्या गदारोळात मूळ प्रश्न विचारणारे संशोधक कमीच निघाले, मुलं यातून शिकतात का? तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हा प्रश्न धसास लावला. सुमारे हजार मुलं, विषय गणित, म्हणजे कोणाला दया येण्याचं कारण नाही. एका गटाला सरावासाठी फक्त वही आणि पुस्तक. दुसऱ्याला साधं चॅटजीपीटीसारखं यंत्र. तिसऱ्याला तेच यंत्र, पण त्याला बजावलेलं की उत्तर द्यायचं नाही, फक्त पुढची पायरी सुचवायची, आणि मुलं कुठे चुकतात हे शिक्षकांनी त्याला आधीच सांगून ठेवलेलं.

सरावात दुसऱ्या गटानं वहीवाल्यांपेक्षा ४८ टक्के सरस कामगिरी केली आणि तिसऱ्यानं १२७ टक्के. पालकसभेत टाळ्या पडाव्यात असे आकडे. मग यंत्रं काढून घेतली आणि परीक्षा घेतली. साध्या यंत्रावर सराव केलेली मुलं, ज्यांना यंत्र कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. सूचना देणाऱ्या यंत्राची मुलं वहीवाल्यांच्या बरोबरीनं राहिली. गंमत म्हणजे ते साधं यंत्र निम्म्याच्या आसपास वेळाच बरोबर उत्तर देत होतं. मुलं तेही उतरवून घेत होती. आणि 'आपण कमी शिकलो' असं त्यांना वाटलंच नाही. पेपर चांगला गेला, असंच ती म्हणाली.

हे शेवटचं वाक्य मराठी घरात भाषांतराशिवाय समजतं. निकाल लागेपर्यंत 'पेपर चांगला गेला' ही आपली राष्ट्रीय भूमिका आहे. नवं इतकंच, की पूर्वी मुलाला आतून ठाऊक असायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडलं की त्याच्या जाडीवरूनच पोटात गोळा यायचा. यंत्र तो गोळा येऊ देत नाही. ते प्रत्येक प्रश्नाला 'किती छान प्रश्न!' म्हणतं आणि मुलाला खरंच वाटतं, आपण छान प्रश्न विचारला, म्हणजे उत्तर अर्धं आलंच.

ओपनएआयनं जुलै २०२५ मध्ये 'स्टडी मोड' आणला. तो चालू केला की यंत्र थेट उत्तर देत नाही, उलट विचारतं, तुला काय वाटतं, आधी कुठलं सूत्र वापरशील? पुण्यातल्या एका दहावीतल्या मुलीनं तो दोन दिवस वापरला. "हा अगदी आमच्या गणिताच्या सरांसारखा वागायला लागला," असं म्हणून तिनं तो बंद केला. सर बंद करता येत नाहीत, हा सरांचा एक गुण तिच्या ध्यानात आला असावा.

तरी ज्यांना कधीच सर मिळाले नाहीत, त्यांचीही एक बाजू आहे. घरात दहावीपर्यंत पोचलेलं कोणी नाही, शिकवणी परवडत नाही, तालुक्याला जाणारी एसटी पाचला सुटते, अशी मुलगी रात्री ओट्यापाशी बसून यंत्राला विचारते, 'अपवर्तन म्हणजे काय ते परत सांग.' यंत्र सांगतं. 'परत सांग.' पुन्हा सांगतं. पाण्याच्या हंड्यात काठी वाकडी का दिसते, ते सांगतं. अकराव्यांदाही ते असं विचारत नाही की वर्गात शिकवलं तेव्हा लक्ष कुठे होतं. साठ जणांसमोर हात वर करून 'समजलं नाही' म्हणणं हे आपल्या शाळांतलं सर्वांत अवघड तोंडी काम, आणि ते न करताही प्रश्न विचारता येतो, ही तिच्यासाठी साधी गोष्ट नाही. इंग्रजी बोलायचा सराव तर कित्येक मुलं दार लावून यंत्राशीच करतात. चुकीचं क्रियापद ऐकून ते हसत नाही. भाऊ हसतो.

यंत्राशी मुलं बोलतात कशी, हाही पाहण्यासारखा प्रकार आहे. आईला 'पाणी दे' म्हणणारा मुलगा यंत्राला 'प्लीज' म्हणतो आणि शेवटी 'थँक यू' लिहितो. कारण विचारलं तर सांगतो, "उद्या त्यांचं राज्य आलं तर?"

राज्य यायचं तेव्हा येईल, अभ्यासक्रम आधी आला. सीबीएसईनं नववीला एआय हा ऐच्छिक विषय २०१९-२० पासूनच सुरू केला होता, म्हणजे यंत्र दारात उभं राहण्याच्या तीन वर्षं आधी. आता २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआयची ओळख करून द्यायचं केंद्र सरकारनं जाहीर केलं आहे. एस्टोनिया या चिमुकल्या देशानं सप्टेंबर २०२५ पासून दहावी-अकरावीच्या वीस हजार मुलांना एआयची साधनं द्यायची आणि त्याआधी तीन हजार शिक्षकांना तयार करायचं, असा बेत आखला. आपल्याकडे पुढचा क्रम सांगायला ज्योतिषी नको. एआयचं पाठ्यपुस्तक निघेल. पाठोपाठ त्याचं गाईड निघेल. मग 'एआय: २१ अपेक्षित प्रश्नसंच' येईल आणि चौकातल्या क्लासच्या फलकावर '१०० टक्के निकालाची परंपरा' असं एआयखालीही झळकेल. त्या विषयाच्या वहीत 'कृत्रिम बुद्धिमत्तेचे फायदे व तोटे लिहा' हा प्रश्न असेल. उत्तर कोण देईल आणि हात कोणाचा दुखेल, हे सांगायला नको.

शिक्षकही या गोष्टीत फार लांब उभे नाहीत. प्रश्नपेढी, पाठटाचण, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन, वरून तातडीनं मागितलेले अहवाल, यांतलं बरंच काम आता यंत्राकडे जातं. निकालपत्रकावरच्या शेऱ्यांत अलीकडे एक नवं वळण आलं आहे. पूर्वी 'मस्ती करतो, अक्षर सुधारावे' असं असायचं. आता 'वर्गातील उपक्रमांत उत्साहपूर्ण सहभाग, वेळेच्या नियोजनात वाढीस वाव' असं येतं. आईनं ते मोठ्यानं वाचलं. मुलगा म्हणाला, "हे बाईंनी नाही लिहिलं." त्याच्याकडेही वेलांटी आहे.

डोंबिवलीतल्या त्या मुलाची वही चौथ्या दिवशी तपासून परत आली. त्या रात्री अकरा वाजून गेल्यावर तो इतक्या यांत्रिकपणे उतरवत होता की उत्तर कुठे संपलं आणि यंत्राचं सौजन्य कुठे सुरू झालं, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. शेतीवरच्या परिणामांचा शेवटचा मुद्दा झाल्यावर, निळ्या शाईत, सुबक अक्षरात, समास सांभाळून त्यानं लिहिलं होतं, 'हे उत्तर मी आणखी सोप्या भाषेत समजावून सांगू का?'

बाईंनी चारही पानांवर बरोबरची खूण केली होती. या ओळीखाली लाल शाईत लिहिलं होतं, 'हो. उद्या, फळ्यापाशी.' खाली सही आणि तारीख.

मुलानं शेरा दोनदा वाचला. मग वही पाण्याच्या बाटलीला टेकवून उभी केली, मोबाईल हातात घेतला, लाल शाईचा फोटो काढला आणि विचारलं, 'बाईंना काय म्हणायचंय?'

उत्तर चार सेकंदांत आलं. 'अभिनंदन! तुमच्यासारख्या मेहनती विद्यार्थिनीचं उत्तर शिक्षिकांना इतकं आवडलं आहे की ते सगळ्या वर्गानं ऐकावं, अशी त्यांची इच्छा दिसते. तुमच्यासाठी पाच मिनिटांचं भाषण तयार करून देऊ का?'